हरवलेल्या चित्रांचा धनी
(द्वितीय वर्ष, कला)

माणूस जातो, पण त्याची कृती मागे राहते, असे आपण नेहमी ऐकतो. शाळेत असताना थोर पुरुषांवरच्या निबंधाचा शेवट आम्ही याच वाक्याने करत असू आणि त्याला गुणही चांगले मिळत. पण कृतीच हरवली तर मागे काय राहते, हा प्रश्न तेव्हा मला पडला नव्हता. तो पडला २०१९ च्या महापुरानंतर. ऑगस्टमध्ये पंचगंगेचे पाणी आमच्या शिरोळ तालुक्यातल्या गावात शिरले. घरात छातीइतके पाणी आठवडाभर होते. भांडी परत मिळाली, जाते मिळाले, दप्तराचा लगदा झाला होता तो टाकून दिला. आजोबांचा एकुलता एक फोटो मात्र गेला. काच शाबूत, चौकट शाबूत आणि आत नुसता पिवळट चिकट कागद. आजीने ती चौकट पुसून पुन्हा त्याच खिळ्याला लावली. आजही ती रिकामीच आहे. तिला हळदीकुंकू लागते. कोणी नवखा पाहुणा आला की प्रथम चौकटीकडे पाहतो आणि मग आमच्याकडे.

दादासाहेब फाळके यांच्याविषयी वाचताना ही चौकट माझ्या मनात सारखी येत होती, म्हणून तिचा उल्लेख आरंभी केला.

फाळक्यांचे नाव कोणाला ठाऊक नाही? भारतीय चित्रपटाचे जनक कोण, हा प्रश्न स्पर्धा परीक्षेच्या प्रत्येक पुस्तकात असतो. १९६९ पासून त्यांच्या नावाने पारितोषिक दिले जाते, १९७१ मध्ये त्यांचे टपाल तिकीट निघाले, मुंबईत दादरला त्यांच्या नावाचा रस्ता आहे. आमच्या पिढीतल्या पुष्कळांना ते भेटले ते २००९ च्या ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ या चित्रपटातून. तो चित्रपट छानच आहे, पण तो यशाच्या टप्प्यावर येऊन थांबतो. त्यापुढची तीस वर्षे त्यात नाहीत. आणि ज्या ‘राजा हरिश्चंद्र’मुळे हे सारे नाव झाले, तो चित्रपट पुरता पाहिलेला माणूस आज शोधून सापडायचा नाही. त्याचा बराचसा भाग नाहीसा झाला आहे. उरला आहे तो भागही पहिल्या वेळचाच आहे की नाही, याचा वाद आहे.

धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी त्र्यंबकेश्वरी झाला. वडील दाजीशास्त्री संस्कृतचे पंडित. पुढे त्यांना मुंबईस विल्सन कॉलेजात अध्यापनाचे काम मिळाले आणि बिऱ्हाड मुंबईस आले. शास्त्र्यांच्या मुलाने शास्त्री व्हावे हा त्या काळचा रिवाज; पण धुंडिराजाचा ओढा चित्रकलेकडे, नाटकाकडे, जादूकडे. १८८५ मध्ये तो जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाला आणि तेथून बडोद्याच्या कलाभवनात गेला. तेथे त्याने काय शिकायचे ठेवले? चित्रकला, शिल्प, छायाचित्रण, छपाईचे ठसे, सारेच. आमचे सर वर्गात नेहमी बजावतात की एक विषय धरा आणि खोल जा. फाळक्यांनी हा उपदेश मुळीच पाळला नाही आणि ते बरेच झाले, कारण पुढे जो धंदा त्यांनी काढला त्यात या सगळ्याच विद्या एकदम लागणार होत्या.

गोध्र्याला त्यांनी छायाचित्राचे दुकान थाटले. त्या दिवसांत फोटो काढला की आयुष्य कमी होते अशी लोकांची समजूत होती, त्यामुळे गिऱ्हाईक बिचकत असे. तशात प्लेग आला. त्या साथीत फाळक्यांची पहिली पत्नी आणि मूल दोघेही गेली. दुकान बंद झाले. याविषयी चरित्रांतून एकदोन ओळींपलीकडे फारसे काही येत नाही, आणि मीही अधिक लिहू शकत नाही. पण ज्याचा व्यवसायच माणसांच्या प्रतिमा धरून ठेवण्याचा होता, त्याच्या संसारातली माणसे अशी एका साथीत जावीत, हे वाचून मी पुस्तक थोडा वेळ मिटून ठेवले होते.

१९०२ मध्ये त्यांचा दुसरा विवाह झाला. वधू करंदीकरांची गिरिजा; सासरी तिचे नाव सरस्वती ठेवण्यात आले. हे नाव वाचकांनी ध्यानात ठेवावे, कारण पुढच्या हकिगतीत निम्मे काम या बाईंचे आहे.

मधल्या काळात फाळक्यांनी पुष्कळ उद्योग केले. जर्मन जादूगाराकडून जादू शिकले आणि आपलेच आडनाव उलटे करून प्रोफेसर केल्फा या नावाने खेळ केले. पुराणवस्तू खात्यात नकाशे काढण्याची व छायाचित्रणाची नोकरी केली. वंगभंगानंतर स्वदेशीचे वारे सुटले तेव्हा सरकारी चाकरी सोडून दिली आणि लोणावळ्यास ठसे व छपाईचा कारखाना काढला. तो पुढे दादरला आला व लक्ष्मी आर्ट प्रिंटिंग वर्क्स या नावाने नावारूपाला आला. रंगीत छपाईची यंत्रे आणण्यासाठी १९०९ मध्ये ते जर्मनीस जाऊन आले. धंदा उत्तम चालू असताना भागीदारांशी बिनसले आणि फाळके अंगावरच्या कपड्यानिशी बाहेर पडले. हे त्यांचे नेहमीचेच. भागीदाराशी त्यांचे कधी जमले नाही, आणि प्रत्येक वेळी उभे केलेले मागे टाकून ते निघून गेले. याला बाणेदारपणा म्हणावे की हट्टीपणा, हे मला अजून ठरवता आलेले नाही. घरच्या माणसांना तो महाग पडला एवढे खरे.

१९११ च्या एप्रिलमध्ये ईस्टरच्या सुमारास गिरगावात तंबूतल्या एका सिनेमागृहात त्यांनी येशू ख्रिस्ताच्या जीवनावरचा मूकपट पाहिला. पडद्यावर ख्रिस्त चालत होता आणि यांच्या डोळ्यांसमोर राम आणि कृष्ण येत होते. दुसऱ्या खेळाला ते सरस्वतीबाईंना घेऊन गेले. मग रोजचा नाद लागला. हाताला धंदा नाही, आणि हा गृहस्थ रोज सिनेमा पाहतो, रात्री मेणबत्ती लावून फिल्मचे तुकडे तपासतो. झोप नाही. शेवटी डोळेच गेले. काही काळ त्यांना दिसेनासे झाले. डॉक्टरी उपचारांनी दृष्टी परत आली, हे आपले नशीब.

मग विम्याची पॉलिसी गहाण ठेवून १९१२ च्या फेब्रुवारीत ते लंडनला गेले. ओळखपाळख काही नाही. बायोस्कोप नावाच्या साप्ताहिकाच्या कचेरीत जाऊन ते संपादकाला भेटले, त्याने हेपवर्थ यांच्या स्टुडिओत नेऊन सारे काम दाखवले. विल्यम्सन कंपनीचा कॅमेरा आणि फिल्मला छिद्रे पाडण्याचे यंत्र यांची व्यवस्था करून एप्रिलमध्ये ते परत आले.

आता भांडवल कोण देणार? फाळक्यांनी एक युक्ती केली. कुंडीत वाटाण्याचा दाणा पेरला आणि कॅमेरा समोर रोवून दररोज थोडी थोडी फिल्म घेत गेले. पडद्यावर मिनिटाभरात दाण्याला कोंब फुटला, वेल वर चढला. ते पाहून सावकाराचे मन वळले. ही एवढीशी फिल्म, वाटाण्याची, आज उपलब्ध असती तर आपल्या देशातल्या किती मुलांनी ती कौतुकाने पाहिली असती! तीही नाही.

सावकाराच्या पैशाने भागले नाही. सरस्वतीबाईंनी अंगावरचे दागिने काढून दिले. दागिन्यांची ही गोष्ट सगळीकडे एका ओळीत सांगितली जाते, जणू बाईने गळ्यातले काढले, पुढे ठेवले आणि झाले. बाईमाणसाचा दागिना घराबाहेर जातो तेव्हा काय होते हे मी घरात पाहिले आहे. मी अकरावीला प्रवेश घेतला तेव्हा आईच्या पाटल्या गेल्या. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. आई त्याबद्दल कधी बोलत नाही. पण लग्नकार्याला निघताना हात पदराखाली धरते. सरस्वतीबाईही कोठे काही बोलल्याचे माझ्या वाचनात नाही.

त्यांनी नुसते दागिने दिले असेही नाही. साठ-सत्तर माणसांचा तांडा घरी जेवायला असे. तो स्वयंपाक त्यांचा. नटांचे कपडे धुणे त्यांचे. चित्रण चालू असताना उन्हात पांढरी चादर धरून उजेड परतवण्याचे काम त्यांचे. आणि रात्री, मुले निजल्यावर, अंधाऱ्या खोलीत कोऱ्या फिल्मला छिद्रे पाडण्याचे कामही त्यांचेच, कारण त्या वेळी फिल्म छिद्रांवाचून येत असे. मी सहज हिशेब करून पाहिला. फिल्मच्या एका फुटात सोळा चित्रे बसतात आणि प्रत्येक चित्राच्या दोन्ही कडांना चार-चार छिद्रे. म्हणजे फुटाला एकशे अठ्ठावीस. ‘राजा हरिश्चंद्र’ची लांबी ३,७०० फूट. म्हणजे नुसत्या एका प्रतीला पावणेपाच लाखांच्या आसपास छिद्रे होतात! यंत्राने पाडली तरी यंत्र हातानेच चालवायचे आणि तेही दिव्यावाचून. या छिद्रांत जरा चूक झाली की पडद्यावरचे चित्र हलते. पहिला भारतीय कथापट पडद्यावर स्थिर उभा राहिला, त्यात या अंधारातल्या कामाचा वाटा किती, हे वाचकांनीच ठरवावे.

नट मिळवतानाची हकिगत प्रसिद्ध आहे. स्त्री भूमिकेला कोणी बाई तयार होईना. ज्यांना समाजाने आधीच वाळीत टाकले होते त्याही तयार होईनात. शेवटी ग्रँट रोडच्या एका खानावळीत काम करणारा अण्णा साळुंके हा कोवळा पोरगा त्यांच्या नजरेस पडला. दहा रुपये पगारावर होता, पंधरा कबूल केले आणि तो तारामती झाला. दाबके हरिश्चंद्र झाले. रोहिदासाचे काम फाळक्यांचाच मुलगा भालचंद्र याने केले. बाहेरच्या चित्रणासाठी मंडळी वांगणीला गेली, तेव्हा ढालीतलवारी घेतलेली ही टोळी दरोडेखोरांची असावी असे वाटून गावकऱ्यांनी पोलिसांत वर्दी दिली, असे सांगतात. तेथेच खेळताना भालचंद्र खडकावर पडून बेशुद्ध झाला. रोहिदासाच्या मृत्यूचा प्रसंग घ्यायचा होता आणि फाळक्यांनी तो त्याच अवस्थेत घेतला. ही गोष्ट त्यांच्या निष्ठेचे उदाहरण म्हणून दिली जाते. मला ती वाचून त्यांचे कौतुक वाटण्याआधी राग आला, हे प्रामाणिकपणे नमूद करते.

२१ एप्रिल १९१३ रोजी ऑलिंपिया थिएटरात निमंत्रितांसाठी व ३ मे रोजी गिरगावच्या कॉरोनेशन सिनेमात लोकांसाठी चित्र लागले. चार-आठ दिवस खेळ चालला तरी खूप, अशा त्या काळात तो तेवीस दिवस चालला.

आता हे चित्र गेले कोठे ते पाहू. चोरीला गेले नाही, शत्रूने जाळले नाही. ते वापरून वापरून गेले. त्या वेळी फिल्म ही जपून ठेवण्याची वस्तू आहे असे कोणालाच, खुद्द फाळक्यांनाही, वाटत नसावे. नाटकाचा पडदा फाटला की दुसरा रंगवतात, तसा प्रकार. मोजक्या प्रती बैलगाडीत घालून गावोगावी न्यायच्या, तंबूत खेळ करायचे, पुढच्या गावी जायचे. दरवेळी यंत्रातून जाताना फिल्मवर ओरखडे उठत, तुकडे पडत, तुटलेले कापून जोडत. अशाच एका प्रवासात उन्हाच्या तापाने डबे पेटले आणि चित्र जळाले, असे सांगितले जाते. फाळके हातपाय गाळून बसले नाहीत. १९१७ मध्ये त्यांनी तेच चित्र पुन्हा घेतले. तीच कथा, जवळजवळ तशीच दृश्ये, साळुंके पुन्हा तारामती. आज जे शिल्लक आहे ते या दुसऱ्या वेळचे असावे, असे अनेक अभ्यासक मानतात. हरवलेली वस्तू माणसाने स्वतःच्या हाताने पुन्हा घडवली आणि मग तीही अर्धीमुर्धीच राहिली!

१९१३ मध्येच फाळके नाशिकला आले. ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये दुर्गाबाई कामत व त्यांची कन्या कमलाबाई या दोघींनी कामे केली, भारतीय पडद्यावर आलेल्या या पहिल्या स्त्रिया. हा चित्रपट आज नाही. ‘सत्यवान सावित्री’ नाही. ही तीन चित्रे घेऊन १९१४ मध्ये ते लंडनला गेले, तेथे वाहवा झाली, तेथेच राहून काम करण्याविषयी विचारणा झाली, पण आपला धंदा आपल्या देशात उभा करायचा म्हणून ते परतले. महायुद्ध सुरू झाले होते. पैसे देणारे मागे सरले होते. पुन्हा कर्ज, पुन्हा उधारी. १९१७ च्या ‘लंकादहन’ने ते भरून काढले. राम आणि सीता या दोन्ही भूमिका साळुंकेनीच केल्या. या चित्राची मिळकत नाण्यांच्या पोत्यांनी बैलगाडीतून न्यावी लागली अशी आख्यायिका आहे. त्या ‘लंकादहन’चे आज काही तुकडे तेवढे आहेत.

पैसा आला तसे भांडवलवाले आले. १९१८ च्या आरंभी हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी स्थापन झाली. ‘श्रीकृष्ण जन्म’ आणि १९१९ चे ‘कालिया मर्दन’ ही तिची नामांकित चित्रे. दुसऱ्यात कृष्णाचे काम फाळक्यांची लहानगी मुलगी मंदाकिनी हिने केले. सुदैवाने हे चित्र बऱ्याच अंशी टिकले आहे. त्या मुलीच्या चेहऱ्यावरचे खोडकर भाव पाहिले की एवढी वर्षे मध्ये गेली आहेत हे खरे वाटत नाही.

परंतु भागीदारांशी पुन्हा तेच झाले. खर्चावरून कुरबुरी, दादासाहेबांचा ताठा. ते कंपनी सोडून सहकुटुंब काशीला गेले आणि तेथे ‘रंगभूमी’ नावाचे नाटक लिहीत बसले. येथे एक गोष्ट चटकन लक्षात येत नाही. चित्रे कंपनीची होती. फाळके बाहेर पडले, चित्रे आत राहिली. स्वतः काढलेल्या चित्रांचा धनी जिवंतपणीच बेधनी झाला होता. कालांतराने, १९२२ मध्ये, ते पगारी म्हणून परत आले. आपणच उभ्या केलेल्या कंपनीत मासिक वेतनावर काम करताना त्यांना काय वाटले असेल, याचा तर्क न केलेला बरा. काम मात्र त्यांनी पुष्कळ केले. त्या वर्षांतली बहुतेक चित्रे आज नुसत्या नावांच्या यादीत आहेत.

१९३१ मध्ये ‘आलम आरा’ आला आणि चित्रपट बोलू लागला. मूकपटांचे दिवस फार लवकर संपले. ‘सेतुबंधन’ हे चित्र मूक म्हणून सुरू झाले आणि मागाहून त्याला आवाज जोडून पुरे करावे लागले. यानंतरचा एक प्रसंग आमच्या कोल्हापूरचा आहे. कोल्हापूर सिनेटोनसाठी ‘गंगावतरण’ काढायला फाळक्यांना बोलावणे आले. वय पासष्टीच्या पुढे. ज्याने आयुष्यभर मुक्या चित्रांनी गोष्ट सांगितली त्याचा हा खराखुरा पहिला आणि शेवटचा बोलपट. तो १९३७ मध्ये पडद्यावर आला. कोल्हापूरच्या खरी कॉर्नरला कॅमेऱ्याचे स्मारक आहे. तेथून जाताना बाबूराव पेंटरांची आठवण निघते. ते योग्यच. पण फाळक्यांनी शेवटचे काम या गावात केले हे मलाही हा लेख लिहायला घेईपर्यंत माहीत नव्हते. पेंटरांच्या ‘सैरंध्री’ची गतही तीच. १९२० मध्ये तिचा एवढा बोलबाला झाला, आणि आज ती नाही.

पुढची वर्षे दादासाहेबांनी नाशिकला काढली. १९३९ मध्ये चित्रसृष्टीचा रौप्यमहोत्सव झाला. व्ही. शांताराम यांच्या पुढाकाराने चित्रपटवाल्यांनी पैसे जमवून त्यांना मदत केली व त्यातून नाशिकला लहानसे घर झाले. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी तेथे त्यांचे निधन झाले. त्या वेळी मुंबईत वर्षाला कितीतरी चित्रपट निघत होते आणि धंदा भरभराटीत होता.

आणि डबे? फिल्मचे ते डबे कोठेतरी माळ्यावर, गोदामात पडून होते. त्या काळची फिल्म नायट्रेटची. ती इतकी ज्वालाग्राही की एकदा पेटली की पाण्यातही विझत नाही. न पेटली तरी दमट हवेत हळूहळू चिकट होते, मधासारखी गळते आणि शेवटी तिची तपकिरी पूड होते. हे वाचले आणि चौकटीतला आमचा पिवळट कागद डोळ्यांसमोर आला. शिवाय या फिल्मवर चांदीचा अंश असतो. बोलपट आल्यावर मूकपटांना मोल उरले नाही, तेव्हा मालकांनी त्या धुऊन चांदी काढून घेतली आणि उरलेले कचकडे भंगारात विकले. त्याच्या बांगड्या झाल्या, असे या क्षेत्रातले जाणकार सांगतात. फाळक्यांच्या कोणत्या चित्राचे असे झाले याचा पुरावा नाही, म्हणून तसे म्हणत नाही. परंतु आपल्या देशात सुमारे तेराशे मूकपट निघाले आणि त्यांतले थोडकेच आज पाहायला मिळतात. बाकीचे कोठेतरी गेलेच ना?

१९६४ मध्ये पुण्याला राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय सुरू झाले. तेथील पी. के. नायर यांनी जुन्या चित्रपटांच्या शोधात सारा देश पालथा घातला. नाशिकला फाळके कुटुंबीयांकडे जे जपलेले होते ते त्यांनी मिळवले. नायर नसते तर आज आपल्या हाती काही नसते, म्हणून त्यांचे नाव फाळक्यांच्या चरित्रात आले पाहिजे असे माझे मत आहे. संग्रहालयात गेले म्हणजे सारे सुखरूप राहिले असेही नाही. २००३ च्या जानेवारीत पुण्यातच जुन्या नायट्रेट फिल्मच्या कोठाराला आग लागून पुष्कळ मूळ फिल्म भस्मसात झाली. ज्यांच्या प्रती सुरक्षित फिल्मवर आधी काढून ठेवल्या होत्या ती चित्रे वाचली.

‘राजा हरिश्चंद्र’चे पहिले आणि शेवटचे रीळ उरले, एकूण १,४७५ फूट. पुन्हा हिशेब करायचा तर एकोणसाठ हजार दोनशे चित्रांपैकी तेवीस हजार सहाशे आहेत, पस्तीस हजार सहाशे नाहीत.

हे जे उरले आहे ते आता मोबाईलवर पाहता येते. दिवाळीच्या सुट्टीत मी ते आजीला दाखवले. आरंभी राजा मुलाला बाण सोडायला शिकवतो. आजीला मजा वाटली. तारामती सख्यांसह पाण्यात उतरते तेव्हा मी सांगितले की या सगळ्या बाया नसून पुरुष आहेत. त्यावर ती पदर तोंडाला लावून हसली आणि तारामतीचे दंड पाहूनच आपल्याला कळले होते म्हणाली. विश्वामित्राच्या होमातून ज्वाळांमध्ये अडकलेल्या शक्ती दिसू लागल्या तेव्हा तिने हात जोडले. पुढे पहिले रीळ संपते आणि एकदम शेवट येतो. आजीने विचारले, मधले कुठे गेले? मी म्हटले, हरवले.

तिने मोबाईल बाजूला ठेवायला लावला आणि मधले सांगायला सुरुवात केली. लहानपणी देवळात कीर्तनात ऐकलेले. राज्य दान दिले ते. काशीच्या बाजारात राजाने बायको विकली, पोर विकले, स्वतःला डोंबाकडे विकून घेतले ते. रोहिदासाला साप चावला. पोराचे मढे घेऊन तारामती रात्री मसणात आली, तिथे राखणीला नवराच उभा. अंधारात कोणी कोणाला ओळखेना. तो मसणाचा कर मागतो, आणि तिच्याजवळ गळ्यातल्या मंगळसूत्रावाचून काही नाही. येथे आजी थोडी थांबली. मग म्हणाली की आता तुझ्या त्या सिनेमातला शेवट लाव, तो तेवढा मला बघायचा आहे.

मी लावला. वर भिंतीवर चौकट होती.